जगाला एकट्याने वळसा घालणारे: शिडाच्या बोटीवरची कारकीर्द घडते कशी?

एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत लढवणाऱ्या माणसाबद्दल ऐकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा झोपतो कधी? वादळं, देवमासे, एकटेपणा यांबद्दलचे प्रश्न नंतर येतात. मला हा पहिला प्रश्नच सगळ्यांत नेमका वाटतो. त्याचं उत्तर नीट कळलं की या माणसांची अख्खी कारकीर्द उलगडायला लागते.

उत्तर असं, की तो तुकड्यातुकड्यांनी झोपतो. वीस मिनिटं, कधी चाळीस. वारा स्थिर असेल आणि आसपास जहाजं नसतील तर दीड तास. चोवीस तासांत अशा तुकड्यांचे मिळून चार-पाच तास भरले, तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

वीस मिनिटांमागे साधा हिशोब आहे. समजा, समोरून एक मालवाहू जहाज ताशी २० सागरी मैलांनी येतंय आणि आपली बोटही तितक्याच वेगाने त्याच्याकडे चालली आहे. दोघांमधलं अंतर ताशी ४० सागरी मैलांनी, म्हणजे ७४ किलोमीटरने कमी होत जातं. डोळा लागताना जे जहाज चोवीस-पंचवीस किलोमीटरवर होतं, म्हणजे बहुधा दिसतही नव्हतं, ते वीस मिनिटांत बोटीवर येऊन आदळू शकतं. आता रडार असतं, जहाजं आपापलं स्थान रेडिओवरून कळवत असतात आणि धोका जवळ आला की बोटीत कर्कश भोंगा वाजतो. तरीही भरवसा पुरा नसतो. जानेवारी २०२१मध्ये जर्मनीचा बोरिस हेर्मान ‘वाँदे ग्लोब’ ही जगप्रदक्षिणेची शर्यत ८० दिवसांत जवळजवळ संपवून पहिल्या काही जणांत होता. शेवटच्या रेषेपासून सुमारे ९० मैलांवर, तो झोपलेला असताना, त्याची बोट एका मासेमारी बोटीवर आदळली. भोंगा वाजलाच नव्हता. मोडक्या बोटीने तो पाचवा आला.

पण झोपेचा खरा संबंध टक्करीपेक्षाही निर्णयांशी आहे. थकलेल्या माणसाचे हातपाय बराच वेळ चालत राहतात, त्याआधी त्याचा विचार मंदावतो. वारा वाढू लागला की शीड आवरून लहान करायचं असतं. एकट्या माणसाला त्यासाठी अंधारात, भिजत, दोर ओढत, कधी अर्धा तास तर कधी तासभर राबावं लागतं. थकलेला माणूस मनाशी म्हणतो, अजून थोडं बघू. त्या थोड्या वेळात शीड फाटतं किंवा डोलकाठीच मोडते. झोप ही इथे चैन नाही. इंधनाची टाकी भरावी तशी ती भरून ठेवावी लागते, आणि पुढच्या दोन दिवसांत वादळ येणार असेल तर आज दुपारीच, झोप आलेली नसतानाही, पडून राहायला शिकावं लागतं.

झोप, वारा, बोटीची ताकद, पैसा यांतलं काहीच अमर्याद नसतं. कशातलं किती आणि कधी खर्च करायचं याचा अंदाज, माझ्या मते, या पेशाचं मूळ कौशल्य आहे. धाडस लागतंच, पण धाडसी माणसं पुष्कळ असतात. तीन महिने रोज, दर तासाला असा अंदाज बरोबर बांधू शकणारी मोजकीच.

मग तो झोपलेला असताना बोट कोण चालवतं?

यंत्र चालवतं. स्वयंचलित सुकाणू वाऱ्याची दिशा, बोटीचं तोंड कुठे आहे आणि ती किती कलली आहे हे सतत मोजतं आणि सुकाणू किंचित इकडेतिकडे करत राहतं. आजच्या शर्यतीत माणूस सुकाणूला हात फारच क्वचित लावतो. त्याचा वेळ जातो तो शिडं बदलण्यात, हवामानाचे नकाशे वाचण्यात, दुरुस्तीत, आणि वेळ मिळाला तर खाण्यात.

वीज नव्हती तेव्हाही युक्त्या होत्या. वाऱ्याने फिरणारी एक उभी फळी बोटीच्या मागे बसवायची आणि ती सुकाणूला जोडायची. वारा ज्या कोनातून येतो तो कोन ती फळी धरून ठेवते. त्याहीआधी, १८९५ ते १८९८ या काळात जोशुआ स्लोकम यांनी एकट्याने जगाची पहिली सागरी फेरी पूर्ण केली, तेव्हा त्यांची बोट इतकी समतोल होती की सुकाणूचं चाक दोराने बांधून ठेवलं तरी ती सरळ जायची.

शर्यत सुरू झाली कशी

शर्यत म्हणून हे सगळं सुरू झालं १९६८ मध्ये. त्याआधीच्या वर्षी फ्रान्सिस चिचेस्टर फक्त सिडनीला थांबून एकट्याने जगाला फेरी मारून आले होते. आता उरलं होतं ते कुठेच न थांबता करणं. ब्रिटनमधल्या एका वृत्तपत्राने ‘गोल्डन ग्लोब’ ही शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले, पोहोचला एक. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, फालमथ बंदरात परतले. त्यांची बोट होती ‘सुहेली’, ३२ फुटी, सागवानी, मुंबईत बांधलेली.

बाकीच्या आठ जणांपैकी दोघांच्या कहाण्या या खेळात आजही सांगितल्या जातात. फ्रान्सचे बर्नार मॉयतेसिए दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून पुढे आले होते, जिंकण्याची शक्यताही होती, पण त्यांनी युरोपकडे वळायचंच नाकारलं आणि ते थेट ताहितीला निघून गेले. डोनल्ड क्रोहर्स्ट यांची बोट दक्षिणेच्या समुद्रासाठी तयारच नव्हती. ते अटलांटिकमध्येच घुटमळत राहिले, रेडिओवरून खोटी स्थानं कळवत राहिले आणि शेवटी समुद्रातच नाहीसे झाले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपलं ५,००० पौंडांचं बक्षीस क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकलं.

आजची सर्वांत मोठी शर्यत म्हणजे ‘वाँदे ग्लोब’. १९८९ मध्ये फिलिप जाँतो यांनी ती सुरू केली. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ले साब्ल-दोलोन या गावातून ती नोव्हेंबरमध्ये निघते आणि तिथेच संपते. आता दर चार वर्षांनी होते. नियम तीनच शब्दांत सांगता येतात: एकट्याने, न थांबता, मदतीशिवाय. नांगर टाकून आडोशाला थांबता येतं, पण धक्क्याला लागता येत नाही आणि कुणाला बोटीवर घेता येत नाही. हवामानाची माहिती घेता येते, पण ‘इकडून जा’ असं किनाऱ्यावरून कुणी सांगितलेलं चालत नाही. सुटल्यावर पहिल्या दहा दिवसांत मात्र सुरुवातीच्या बंदरात परत येऊन दुरुस्ती करता येते. २००८ मध्ये मिशेल देझ्वायो असाच परतला, इतरांच्या सुमारे ४० तास मागून पुन्हा निघाला आणि एकेकाला गाठत शर्यत जिंकला. त्याआधीची २०००-०१ची शर्यतही त्याचीच. ही शर्यत दोनदा जिंकलेला तो एकमेव माणूस.

पहिल्या खेपेला, १९८९-९० मध्ये, विजेत्याला १०९ दिवस लागले होते. २०१२-१३ मध्ये फ्रान्स्वा गबारला ७८. २०२४-२५ मध्ये शार्ली दालाँने ६४ दिवस आणि १९ तासांत फेरी संपवली. माणसं तितकीच सक्षम होती, पण बोटी बदलल्या. आजची बोट १८.२८ मीटर लांबीची, कार्बन फायबरची असते. तिच्या तळाचा जड कणा डावी-उजवीकडे झुकवता येतो, म्हणजे वारा बोटीला एका बाजूला पाडू लागला की वजन दुसऱ्या बाजूला नेता येतं. दोन्ही कुशींतून फॉइल नावाचे वाकडे पंख बाहेर आलेले असतात. वेग आला की ते बोटीला पाण्याबाहेर उचलतात, घर्षण कमी होतं, वेग आणखी वाढतो. डिसेंबर २०२४ मध्ये सेबास्तिआँ सिमाँने अशा बोटीतून चोवीस तासांत ६१५ सागरी मैल कापले. म्हणजे दिवसभराची सरासरी ताशी ४७ किलोमीटर, तीही खवळलेल्या समुद्रात.

या वेगाची किंमत शरीर मोजतं. बोट लाटेवरून उडते आणि धाडकन आदळते, पुन्हा उडते. आत आवाज इतका, की कानाला संरक्षण लावून बसावं लागतं. उभं राहून चहा ओतणंही धोक्याचं.

शिडी

अशा बोटीपर्यंत माणूस पोहोचतो कसा? उदाहरणासाठी फ्रान्सच्या व्हायोलेत दोराँजची वाटचाल पाहू. तिची प्रत्येक पायरी स्पष्ट दिसते.

पंधराव्या वर्षी तिने ऑप्टिमिस्ट या बोटीतून इंग्लिश खाडी पार केली. ऑप्टिमिस्ट म्हणजे लहान मुलांना शीड शिकवायची अडीच मीटरपेक्षाही छोटी, चौकोनी नाळेची होडी. अठराव्या वर्षी ती ‘मिनी ट्रान्झॅट’ला उतरली. १९७७ पासून चालत आलेल्या या शर्यतीत साडेसहा मीटरच्या बोटीतून एकट्याने अटलांटिक ओलांडायचा असतो. नाव मिनी असलं तरी परीक्षा मोठी. प्रवेश मिळवायला आधी एकट्याने १,००० सागरी मैलांची सलग सफर करून दाखवावी लागते. बोटीवर ना फोन, ना मार्ग आखून देणारा संगणक. रेडिओवर हवामान ऐकायचं, कागदावर उतरवायचं आणि स्वतः ठरवायचं. किनाऱ्याशी बोलणंच बंद असल्यामुळे माणूस स्वतःच्या निर्णयाबरोबर राहायला शिकतो. मला ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पुढच्या कुठल्याही बोटीवर हे शिकवायची सोय नाही.

त्यानंतर फिगारो ही टप्प्याटप्प्यांची, एकट्याने लढायची शर्यत. इथे सगळ्यांच्या बोटी अगदी एकसारख्या, म्हणून बोटीला दोष देता येत नाही. एकेक टप्पा काही दिवसांचा, आणि इतके दिवस पाण्यात काढल्यावर पहिल्या काही जणांत अंतर उरतं ते मिनिटांचं. कधी झोपायचं याची बारीक कसरत इथे शिकली जाते, कारण कुणी वीस मिनिटं जास्त झोपला तर त्याच्या पुढे चार बोटी गेलेल्या असतात. वाँदे ग्लोबच्या विजेत्यांच्या यादीतले बरेच जण फिगारोतून आलेले आहेत. काही जण बारा मीटरच्या क्लास फोर्टी बोटींमधूनही वर येतात.

आणि मग १८ मीटरची बोट. दोराँज तिथे तेविसाव्या वर्षी पोहोचली, हे अपवादात्मक आहे. बहुतेकांना पंधरा-वीस वर्षं लागतात. या खेळात चाळिशीतला माणूस उतारावर असतो असं नाही, उलट तो पिकलेला असतो. फ्रान्सचा जाँ ल काम २०२४ मध्ये सुटला तेव्हा ६५ वर्षांचा होता.

पत्रं

आता जो भाग सहसा सांगितला जात नाही तो. या माणसांचं बरंचसं आयुष्य किनाऱ्यावर, पैसे मागण्यात जातं.

नवी बोट बांधायला कित्येक दशलक्ष युरो लागतात. ती चालवायला तंत्रज्ञांचा संघ लागतो, शिडं लागतात, विमा लागतो. विजेत्याचं बक्षीस या खर्चापुढे किरकोळ आहे, त्यामुळे जिंकून पैसे वसूल होण्याचा प्रश्नच येत नाही. पैसा येतो प्रायोजक कंपनीकडून. म्हणून बोटींची नावं बँकांची, विमा कंपन्यांची, दुकानांच्या साखळ्यांची असतात. कंपनी बदलली की त्याच बोटीचं नाव बदलतं.

इंग्लंडची एलन मॅकार्थर डर्बीशरमध्ये वाढली, समुद्रापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं लांब. चार वर्षांची असताना मावशीच्या बोटीवर गेली आणि तेव्हापासून समुद्र डोक्यातून गेला नाही. शाळेत जेवणाचे पैसे वाचवून तिने पहिली छोटी होडी घेतली. १९९५ मध्ये, अठराव्या वर्षी, २१ फुटी बोटीतून एकट्याने ब्रिटनला फेरी मारली. मग प्रायोजकांसाठी तिने सुमारे २,५०० पत्रं पाठवली. उत्तरं आली दोन. अनुभव, जिद्द, कौशल्य सगळं जवळ असताना दरवाजा उघडायला किती ठोठवावं लागतं, ते या दोन आकड्यांत मावतं.

१९९७ची मिनी ट्रान्झॅट ती तुटपुंज्या पैशात लढली आणि सतरावी आली. पण त्यातूनच पुढचा प्रायोजक मिळाला, न्यूझीलंडमध्ये ‘किंगफिशर’ ही बोट बांधली गेली आणि २०००-०१च्या वाँदे ग्लोबमध्ये ती २४व्या वर्षी, ९४ दिवसांत, देझ्वायोच्या एकाच दिवसाने मागे, दुसरी आली.

प्रायोजकाचं नातं तुटतंही. २०२०-२१ मध्ये ८७ दिवसांत फेरी पूर्ण करणारी क्लारिस क्रेमेर पुढे आई झाली. दरम्यान पात्रतेसाठी लागणाऱ्या शर्यती हुकल्या आणि २०२३ मध्ये तिच्या प्रायोजकाने तिची साथ सोडली. बाळंतपण आणि पात्रतेचं वेळापत्रक यांचा मेळ घालण्याचा विचार या खेळाने तोवर पुरेसा केलेलाच नव्हता, आणि हा अन्याय होता असं मला स्पष्ट वाटतं. तिने नवा प्रायोजक मिळवला, पात्रता मिळवली आणि २०२४-२५ची शर्यत ७७ दिवसांत पूर्ण केली, आधीपेक्षा दहा दिवस लवकर.

वाट वाऱ्याने ठरते

नकाशावर मार्ग सोपा दिसतो: अटलांटिकमधून खाली, मग अंटार्क्टिकाभोवती पूर्वेकडे, आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचं केप ल्यूविन आणि दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न ही तीन टोकं डावीकडे ठेवत, आणि पुन्हा अटलांटिकमधून वर. साधारण २४,००० सागरी मैल, म्हणजे ४४,००० किलोमीटरच्या वर.

पण शिडाची बोट सरळ रेषेत जात नाही, ती वाऱ्याच्या मागे जाते. विषुववृत्ताजवळ वारा पडतो. तिथे तासन् तास शिडं लोंबकळतात, मग एखादा काळा ढग येऊन झोडपून जातो. हा पट्टा कुठे अरुंद आहे ते ओळखून तिथूनच ओलांडायचा. पुढे दक्षिण अटलांटिकमध्ये सेंट हेलेना बेटाच्या परिसरात जास्त दाबाचा मोठा प्रदेश असतो. त्याच्या मधोमध वारा नाही, कडेने आहे. जवळून कापायला जाल तर अडकाल, फार लांबून वळसा घालाल तर मैल वाढतील. अनेक शर्यतींचा निकाल इथेच झुकतो.

त्याखाली शाळेच्या भूगोलात वाचलेले गरजणारे चाळीस आणि खवळलेले पन्नास. या अक्षांशांत वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे वारे आणि लाटा पृथ्वीभोवती फिरत राहतात. कमी दाबाची वादळं एकामागून एक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. वादळाच्या पुढच्या बाजूला राहून त्याच्याबरोबर शक्य तितका वेळ धावत राहायचं, हे इथलं कसब. वादळाच्या पोटात शिरलात तर बोट मोडते, मागे राहिलात तर वारा दिशा बदलतो, मंदावतो आणि लाटा मात्र तशाच उरतात. बर्फाच्या भीतीने आयोजक दक्षिणेला एक हद्द आखून देतात, तिच्याखाली जायचं नाही. या भागात किनारा इतका दूर असतो की कधीकधी सगळ्यांत जवळची माणसं म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या अवकाश स्थानकातले अंतराळवीर.

मोडतं, आणि मग

सगळं मोडतं. आज नाही तर उद्या. २००८-०९ मध्ये ३० बोटी निघाल्या, पूर्ण केली ११ जणांनी. २०२४-२५ मध्ये ४० पैकी ३३ जणांनी, हे मोठंच सुधारलेलं प्रमाण. म्हणून हा माणूस सुतार, वायरमन, यंत्रज्ञ, शिंपी आणि वेळ पडली तर स्वतःचा डॉक्टरही असतो. वैद्यकीय आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, आणि उपग्रहामार्फत डॉक्टरचा सल्ला घेता येतो. पण टाका घालायचा तो स्वतःच. १९९२-९३ मध्ये बर्त्राँ द ब्रोकने डॉक्टरच्या सूचना वाचत स्वतःची फाटलेली जीभ शिवली.

दुरुस्तीच्या गोष्टींमध्ये माझी सगळ्यांत आवडती इव्ह पार्लिएची. २०००-०१ मध्ये दक्षिण समुद्रात त्याची डोलकाठी मोडली. बाहेरची मदत घेतली असती तर शर्यत संपली असती. तो न्यूझीलंडच्या दक्षिणेला स्टुअर्ट बेटाच्या आडोशाला नांगर टाकून राहिला. मोडलेले तुकडे जोडायचे तर रेझिन वाळायला उष्णता हवी. त्याने दिव्याच्या बल्बांची भट्टी केली. जोडलेली काठी एकट्याने उभी केली आणि निघाला. अन्न संपत आलं तेव्हा समुद्री शेवाळ खाल्लं. १२६ दिवसांनी पोहोचला. निकालाच्या तक्त्यात तो बराच खाली आहे, पण त्या वर्षीची इतकी थक्क करणारी कामगिरी मला दुसरी दिसत नाही.

ब्रिटनची पिप हेअर २०२०-२१ मध्ये सुमारे वीस वर्षं जुन्या बोटीतून उतरली होती. प्रशांत महासागरात, केप हॉर्न अजून पुढे असताना, तिच्या एका सुकाणूच्या दांड्याला तडा गेला. हलत्या समुद्रात, एकटीने, जुनं सुकाणू काढून तिने राखीव सुकाणू बसवलं. ती एकोणिसावी आली.

आणि जे दुरुस्त होण्यासारखं नसतं, तिथे दुसरा खलाशी येतो. या समुद्रात बचाव जहाज पोहोचायला कित्येक दिवस लागू शकतात, त्यामुळे सगळ्यांत जवळ असतो तो प्रतिस्पर्धी. १९९६ साली नाताळच्या सुमारास राफाएल दिनेलीची बोट बुडत असताना पीट गॉस वादळात उलटा फिरला, वाऱ्याच्या विरुद्ध झगडत गेला आणि त्याला उचलून आणलं. ३० नोव्हेंबर २०२० रोजी केप ऑफ गुड होपच्या नैर्ऋत्येला केविन एस्कोफिएची बोट लाटेत दुमडून फुटली. त्याला जीवरक्षक तराफ्यात उतरायला जेमतेम काही मिनिटं मिळाली. जाँ ल काम पहिला पोहोचला, त्याने तराफा पाहिला, अंधारात तो हरवला, रात्रभर शोधला आणि पहाटेपूर्वी एस्कोफिएला बोटीवर घेतलं. शोधात आणखी तिघे वळले होते.

वळणाऱ्यांचा गेलेला वेळ आयोजक निकालात परत देतात. त्या शर्यतीत रेषा सगळ्यांत आधी ओलांडली शार्ली दालाँने. पण शोधासाठी वळलेल्या यानिक बेस्ताव्हेनला १० तास १५ मिनिटांची भरपाई मिळाली होती, ती धरल्यावर अडीच तासांनी तो विजेता ठरला. दालाँने हा निकाल मान्य केला. चार वर्षांनी त्याने ६४ दिवसांची ती फेरी मारली, आणि तेव्हा त्याच्या आधी कुणीच नव्हतं.

परत जाणं

अभिलाष टॉमी हे भारतीय नौदलाचे माजी अधिकारी. २०१२-१३ मध्ये ते ‘म्हादेई’ या बोटीतून मुंबईहून निघून कुठेही न थांबता मुंबईला परतले, असं करणारे पहिले भारतीय. त्याआधी २००९-१० मध्ये याच बोटीतून दिलीप दोंदे टप्प्याटप्प्याने एकट्याने फेरी करून आले होते.

२०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ पन्नास वर्षांनी पुन्हा भरवली गेली, जुन्या पद्धतीने: छोट्या जुन्या धाटणीच्या बोटी, उपग्रहावरून दिशा नाही, सूर्य-तारे पाहून स्थान काढायचं. टॉमी ‘सुहेली’च्या धर्तीवर बांधलेल्या ‘थुरिया’तून उतरले. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने बोट उलटवली, डोलकाठी तुटली आणि टॉमी यांच्या पाठीला इतकी जबर दुखापत झाली की त्यांना हलताही येईना. आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनचीही डोलकाठी त्याच वादळात गेली होती. तरी तात्पुरतं शीड उभारून तो टॉमींच्या दिशेने निघाला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ हे फ्रेंच गस्ती जहाज पोहोचलं आणि त्यांना हिंदी महासागरातल्याच अॅमस्टरडॅम बेटावर नेलं. पुढे शस्त्रक्रिया झाली, मणक्यात धातूच्या सळ्या बसवल्या गेल्या, चालणं नव्याने शिकावं लागलं.

२०२२ मध्ये ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले. २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ रोजी, दुसरे आले. त्या वर्षी निघालेल्या १६ जणांपैकी न थांबता पूर्ण केली ती तिघांनी. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, एकट्याने जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी पहिली स्त्री. तिनेही वाटेत थांबून, बोट बुडालेल्या फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांना वाचवलं होतं.

जिथे मणका मोडला त्याच समुद्रात माणूस परत का जातो, याचं मला पटणारं उत्तर एवढंच आहे: वीस वर्षं घालवून जे काम येऊ लागलं, ते करायची जागा दुसरीकडे कुठे नाही.

बोट पुढे जाते

सगळेच परत जात नाहीत. मॅकार्थरने २००५ मध्ये ७१ दिवस आणि १४ तासांत एकट्याने फेरी मारण्याचा तेव्हाचा विक्रम केला, आणि त्यानंतर काही वर्षांत स्पर्धा सोडली. बोटीवर जेवढं भरलं तेवढंच असतं, डिझेल, अन्न, दोर सगळं मोजून. जमिनीवरही तसंच आहे, हा विचार तिला सोडेना. २०१० मध्ये तिने वस्तू वापरून फेकण्याऐवजी पुन्हा पुन्हा चलनात ठेवण्याच्या अर्थव्यवस्थेसाठी संस्था काढली आणि आज ती याच कामासाठी अधिक ओळखली जाते.

खलाशी थांबला तरी बोट सहसा थांबत नाही. विजेत्याची बोट विकली जाते, नवा रंग, नवं नाव लागतं आणि कमी पैशाचा पुढचा माणूस तिच्यावर चढतो. २००८ मध्ये देझ्वायो जिच्यातून ४० तास उशिरा निघून जिंकला, ती बोट पुढे जाँ ल कामकडे आली. त्या अंधाऱ्या रात्री एस्कोफिएला पाण्यातून वर ओढून घेतलं ते तिच्याच डेकवर. नंतर ती व्हायोलेत दोराँजने घेतली. पंख नसलेली, सतरा वर्षं जुनी ती बोट फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्वद दिवसांनी ले साब्ल-दोलोनच्या कालव्यातून आत आली, तेव्हा आत उभी असलेली मुलगी ही शर्यत पूर्ण करणारी आजवरची सगळ्यांत तरुण खलाशी होती.